ड्रेसिंगच्या वेळचा खून

मंगल सिस्टर माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं : "दादा, खुनाची गोष्ट चालेल, का भुताची पायजे?"

मी पनवेलच्या एका खासगी इस्पितळात पडून होतो. न्हावा शेवाचं बंदर सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि तिथे माल पाठवणाऱ्या एका कंपनीत मी कारकून होतो. पळस्प्याच्या नाक्यावर एका ट्रेलरने माझी स्कूटर उडवली. डोकं वाचलं, पण उजवं पाऊल चाकाखाली आलं. ऑपरेशन झालं आणि चार दिवसांनी जखमेत पू झाला. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस बघू. जखम सुधारली तर ठीक, नाहीतर पाऊल काढावं लागेल." मी एकतीस वर्षांचा, मुलगी दोन वर्षांची. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "सिस्टर, मला काही वाचायचं नाही."

त्या हलल्या नाहीत. ठेंगण्या, सावळ्या, चाळिशीच्या आसपासच्या, उरणकडच्या कोळीवाड्यातल्या. डॉक्टरांशी त्या पुस्तकी मराठी बोलत, पेशंटशी घरची. त्यांच्या कापडी पिशवीत डब्याशेजारी दोन-तीन रहस्यकथा कायम असत. सगळ्यांना खाकी कागदाचं कव्हर. वरच्या चित्रातला सुरा बघून एका आजीबाईंचं ब्लडप्रेशर चढलं होतं, तेव्हापासूनची ही खबरदारी.

"इनोदी पुस्तक देत नाय मी," त्या म्हणाल्या. "भ्यालेल्या मानसाला हसू येत नाय. भ्यायचंच हाय, तर दुसऱ्याच्या खुनाला भ्या. पायाला भिऊन पाय काय बरा व्हनार हाय?"

पुस्तक उशाशी ठेवून त्या गेल्या. संध्याकाळी कंटाळून मी ते उघडलं. तळ्याकाठचा बंगला, जेवणाच्या टेबलावर मरून पडलेले मालक आणि घरातून नाहीसा झालेला आचारी. वीसेक पानं झाली असतील, तोवर सिस्टर आल्या आणि पुस्तक काढून घेऊन गेल्या. "बाकी उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंगला आल्या. पट्टी भिजवता भिजवता म्हणाल्या, "मंग, कोनी मारला?"

"आचाऱ्याने. तोच पळालाय."

"पळाला म्हनून मारला? अशा घरातून तुमी बी पळाल."

मी चिडून मालकांच्या पुतण्याचं नाव घेतलं, त्याची कारणं सांगू लागलो. त्या एकेक कारण खोडून काढत होत्या आणि खाली मान घालून जखम साफ करत होत्या. त्या दिवशी मी दोनदा ओरडलो. एकदा दुखलं म्हणून, आणि एकदा पुतण्या निर्दोष असल्याचं त्या बोलून गेल्या म्हणून. मग रोजची ड्रेसिंगची वेळ ही तपासाची वेळ झाली. माझी बायको डबा घेऊन यायची तेव्हा मी तिला पायाऐवजी तळ्याकाठच्या बंगल्याचे समाचार सांगू लागलो. तिला सुरुवातीला वाटलं, औषधांनी माझं डोकं फिरलंय.

अख्ख्या वॉर्डाला सिस्टर अशाच काहीबाही सुचवत. हर्नियावाल्या रिक्षावाल्याला भुताच्या गोष्टी, निवृत्त मास्तरांना कोर्टकचेरीच्या. बाजारातला व्हिडिओ लायब्ररीवाला नवी भीतीची कॅसेट आली की आधी यांना बघायला देई आणि यांच्या शब्दावर गिऱ्हाइकांना सांगे. त्यांचा एक शेरा मी अजून वापरतो : "यात नुसतं रगत हाय, भीती नाय."

पण पुस्तक देण्याआधी त्या घरची सगळी चौकशी करत. घरी कोण, कोण कुठे गेलंय, मागे काय झालंय. मी कारण विचारलं तेव्हा त्यांचे हात थांबले. "एकदा चुकलं माजं. बायकांच्या वॉर्डात एक बाई व्हती. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो परत नाय आला. मला ठाऊक नव्हतं. मी तिला दिली ती गोष्ट, जिच्यात दहाव्या पानाला हरवलेल्या मानसाचं मढं सापडतं. तिनं पुस्तक भिताडावर मारलं. मी दोन म्हैने कोनाला पुस्तक दिलं नाय." मग पट्टी गुंडाळत म्हणाल्या, "औषध देताना इचारतो ना आपन, काय खाल्लंय म्हनून. तसंच हे."

आठव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. पट्टी सोडून त्यांनी पाऊल बराच वेळ दाबून पाहिलं, बोटांना सुई टोचून पाहिली. सिस्टर ट्रे धरून उभ्या होत्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "करंगळी जाईल. पाऊल राहिलं." पुढच्या खाटेकडे जाताना त्यांनी माझा खांदा थोपटला.

मी रडलो. अंगावरची चादर तोंडाशी धरून, आवाज न करता, पण पुष्कळ. डोळे पुसून पाहिलं तर सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या. ड्यूटीवर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ट्रे मांडीवर होता.

"सोमवारी बोटं हिरवी पडली व्हती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, गेलं. डॉक्टरान्ला सांगितलं, तुमाला नाय. घरी जाऊन जेवन जात नव्हतं मला."

"मग माझ्याशी त्या आचाऱ्यावरून भांडत होतात ते?"

"काय करनार? दोगं बी भिऊन चालनार नव्हतं." त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि पदराने कपाळ पुसलं. "दादा, गोष्टीत कसं, शेवटी कळतं तरी. हिकडं कवा कवा कळतच नाय. आज कळलं. बरं वाटलं."

पुढे सात-आठ वर्षं आमचा घरोबा राहिला. रविवारी व्हीसीआर भाड्याने आणला की त्या यायच्या. दिवसभर रक्त पाहणारी ही बाई, पण पडद्यावर दार करकरलं की उशी तोंडावर घ्यायची आणि माझ्या बायकोला म्हणायची, "वयनी, तो गेला की सांगा." मग त्यांना अलिबागकडच्या एका इस्पितळात नोकरी मिळाली. एसटी स्टँडवर त्यांची पेटी मी उचलली. त्यांनी अडवलं नाही, फक्त माझ्या चालीकडे पाहत होत्या.

"दुखतंय काय?"

"नाही."

"खरं?"

"खरंच नाही, सिस्टर."

गाडी लागली होती. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि गाडी सुटेपर्यंत माझ्या पायाकडेच बघत राहिल्या.