बिनपगारी शिपाई

पोलीस ठाण्यात सगळ्यात जास्त शिव्या कोण खातो, असं कोणी विचारलं तर चोर असं उत्तर देऊ नका. सगळ्यात जास्त शिव्या खातो हजेरी मास्तर. कोणाला नाक्यावर उभं करायचं, कोणाला कोर्टात धाडायचं, कोणाची रजा पुढे ढकलायची हे रोज सकाळी तो ठरवतो आणि मग दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडली जातात. या ठाण्याचे मास्तर मात्र जरा वेगळे. हवालदारकीतच केस पिकलेले, पोट थोडं सुटलेलं, आवाज कायम बसलेला. त्यांना शिव्या देणारी माणसंही शेवटी त्यांचं ऐकायची, कारण मास्तरांनी दिलेला शब्द आजवर कधी मोडला नव्हता. ठाण्याकडे धड जीप नव्हती, संडासाला कडी नव्हती, पण मास्तरांचा शब्द होता.

त्या वर्षी त्या शब्दावरच ठाणं चाललं. मंजूर असलेल्या जागांपैकी निम्म्या नुसत्या मंजूरच होत्या. काहीजण निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. काहींना मोठ्या लोकांच्या बंगल्यांवर पहाऱ्याला नेलं, ते तिथलेच झाले. एक चुणचुणीत पोरगा वर्दी उतरवून मॉलमध्ये सुरक्षा अधिकारी झाला आणि जाताना सगळ्यांना चहा पाजून गेला. उरलेल्यांच्या नाकीनऊ आले. तक्रार घेणारा तोच, चौकशीला जाणारा तोच आणि आरोपीला कोर्टात नेणाराही तोच. एकदा कोर्टातून परत येताना शिपायाला बसमध्ये झोप लागली आणि ठाण्याचा थांबा आल्यावर आरोपीनेच त्याला हलवून उठवलं. यावर ठाणं आठवडाभर हसलं. त्या शिपायाला साप्ताहिक सुट्टी मात्र त्या आठवड्यातही मिळाली नाही.

मास्तरांच्या घरी वेगळाच घोर होता. बायकोची नजर उतरत चालली होती. गेली ती परत यायची नाही, आहे ती जपू या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण दिवेलागणीनंतर यांना एकटं बाहेर पडू देऊ नका, असंही बजावलं होतं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात दोघंच. मास्तरांची ड्युटी तर नेमकी दुपारी सुरू होऊन रात्री संपणारी, त्यावर सकाळच्या हजेरीला पुन्हा यायचंच. तेव्हा अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा मास्तरांनी स्वतःसाठी काही मागितलं. ठाण्याच्या कार्यालयात दिवसाचं टेबल द्या, संध्याकाळी घरी जाऊ द्या, एवढंच.

साहेब तेव्हा नवीनच आले होते. तरुण, कडक इस्त्रीचे, आणि बोलायला असे गोड की रजा नाकारली तरी माणूस आभार मानून बाहेर यायचा. त्यांनी मास्तरांना बसायला खुर्ची दिली. आजवरच्या कुठल्याही साहेबाने हवालदाराला खुर्ची दिली नव्हती, आणि मास्तर बापडे तिथेच विरघळले. साहेबांनी बायकोच्या डोळ्यांची सगळी चौकशी केली. मग म्हणाले, नवी भरती प्रशिक्षणात आहे, वर्षअखेर आपल्याकडे येते. आली की पहिली सुटका तुमची. तोवर माणसं तुम्ही धरून ठेवा, ती माझं नाही, तुमचं ऐकतात. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच, पण झाडावर बसलेल्याला ते कुठून कळायला?

मास्तर कामाला लागले. साहेबांचा शब्द त्यांनी आपला शब्द म्हणून ठाणंभर वाटला. नवीन माणसं येतायत, वर्ष काढा, मग पोटभर रजा घ्या. ठाण्यात एक अगदी काटकुळा शिपाई होता, म्हणून अर्थातच त्याला सगळे पैलवान म्हणत. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं आणि तो रजा मागायला आला. त्याच दिवशी कोण्या पुढाऱ्याची सभा होती. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, आता थांब, वर्षअखेर महिनाभर जा, माझा शब्द. पैलवान थांबला. ऑपरेशन नीट झालं, पण आत जाताना म्हाताऱ्याचा हात शेजाऱ्याने धरला होता. पैलवानने हे मास्तरांना सांगितलं नाही. ते त्यांना दुसऱ्याकडून कळलं आणि त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

पण माणसं काही रजा रद्द करून दुप्पट होत नाहीत. बस थांब्याजवळच्या चौकात बायकांच्या गळ्यातल्या साखळ्या ओढायचे प्रकार वाढले आणि तिथे उभा करायला मास्तरांकडे माणूसच नव्हता. ठाण्याच्या मागे एक जीप इंजिन बसल्यापासून पडून होती. मास्तरांच्या डोक्यात एक खूळ आलं. चौघांनी मिळून ती जीप ढकलत चौकात नेली आणि औषधांच्या दुकानासमोर उभी केली. दुकानदाराच्या मीटरवरून वायर ओढून टपावरचा दिवा लुकलुकता केला. काचांना जाळी होतीच. मास्तरांनी आपली जुनी टोपी ड्रायव्हरच्या सीटच्या उशीवर बसवली, पाठीला आपलंच जुनं जाकीट चढवलं, आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं. आत एक थोराड हवालदार बसलेला अगदी साफ दिसत होता.

पैलवान हसून हसून खाली बसला. त्यानेच बारसं केलं: बिनपगारी शिपाई. रजा मागत नाही, चहा मागत नाही, असा माणूस खात्याला कधी मिळाला होता? रोज दुपारी मास्तर स्वतः जाऊन टोपी थोडी फिरवून यायचे, आज डावीकडे, उद्या उजवीकडे, म्हणजे आतला माणूस हलतोय असं वाटावं. साखळीचोर दुसरीकडे गेले. एक दारुडा एकदा त्या टोपीशी बराच वेळ हुज्जत घालून शेवटी माफी मागून निघून गेला. साहेब तर खूश झालेच, पण त्यांनी ताकीद दिली की ही गोष्ट ठाण्याबाहेर जाता कामा नये, अगदी घरीही नाही. बोभाटा झाला की संपलं.

मास्तरांनी हुकूम पाळला. त्या दिवसांत बायकोने विचारलं, हल्ली संध्याकाळी तुमची ड्युटी कुठे असते? ते म्हणाले, इथे आपल्या चौकातच असतो, त्या दिव्याच्या जीपमध्ये. तिला तेवढाच धीर, असं त्यांच्या मनात आलं. तिचा चेहरा खुलला आणि मास्तर जेवायला बसले.

दरम्यान ठाण्याच्या बाकावर लोक ताटकळत होते. कोणाची सायकल गेलेली, कोणाच्या घराचं कुलूप तुटलेलं, कोणाला शेजाऱ्याने मारलेलं. तक्रार लिहून घ्यायला माणूस जागेवर नसायचा. लोक दोन-तीन खेपा घालायचे आणि कंटाळून घरी बसायचे. तक्रार लिहिली नाही म्हणजे गुन्हा झालाच नाही, हे सरकारी गणित. त्या गणिताने शहर वर्षभरात चांगलंच सज्जन झालं.

वर्ष संपलं आणि साहेबांनी आढावा बैठक ठेवली. वरून मोठे साहेब आले, आजूबाजूच्या ठाण्यांचे अधिकारी आले. मागच्या रांगांत ठाण्याची माणसं बसली होती, आणि त्यांच्या डोळ्यांत झोप असली तरी आशाही होती. आज नवीन माणसांची घोषणा होणार, असं मास्तरांनीच सकाळच्या हजेरीला सांगितलं होतं. पैलवानने तर रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता.

साहेब बोलायला उभे राहिले. पडद्यावर रंगीत खांब दिसू लागले. माणसं कमी झाली तो खांब उतरताना दिसला, गुन्हे कमी झाले तो त्याच्याही खाली उतरला. साहेब म्हणाले, आपण मनुष्यबळाचं रडगाणं गायलं नाही, डोकं वापरलं. मग पडद्यावर चौकातली जीप आली, टोपीसकट. समोरच्या रांगांत हशा पिकला, टाळ्या पडल्या. साहेबांनी पुढे सांगितलं की या अनुभवावरून ठाण्याच्या रिकाम्या जागा आता भरायची गरज उरली नाही. त्या आपण स्वखुशीने परत करत आहोत, नवी तुकडी दुसरीकडे द्यावी. अशा जीप मात्र आणखी काही चौकांत उभ्या करू. मोठ्या साहेबांनी मान डोलावली. आणि मग या कल्पनेचे जनक म्हणून मास्तरांना पुढे बोलावण्यात आलं.

मास्तर उठले कसे आणि पुढे गेले कसे, त्यांना कळलं नाही. त्यांच्या हातात प्रशस्तिपत्र आलं, फोटो निघाला. फोटोसाठी वळावं लागलं तेव्हा त्यांना मागच्या रांगा दिसल्या. तिथे कोणीही टाळ्या वाजवत नव्हतं. पैलवान खिशातला कागद काढून त्याच्या घड्या घालत होता. मास्तरांना ओरडून सांगावंसं वाटलं की मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण हातात प्रशस्तिपत्र धरून हे सांगणारा माणूस त्यांना स्वतःलाही खोटाच वाटला असता. वर्षभर पोटच्या पोरांसारखी सांभाळलेली माणसं, आणि केसाने गळा कापायला हात वापरला तो मास्तरांचा.

बैठक संपल्यावर दारात पैलवान भेटला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, "मास्तर, मी साहेबांच्या नाही, तुमच्या शब्दावर थांबलो होतो." आणि ड्युटीवर गेला, कारण त्याची ड्युटी मास्तरांनीच लावली होती.

मास्तर साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी याही वेळी खुर्ची दिली. मास्तर बसले नाहीत. तुम्ही शब्द दिला होता, असं ते म्हणाले, आणि त्यांचा बसका आवाज आणखी बसला. साहेबांच्या चेहऱ्यावर जराही ओशाळलेपण नव्हतं. त्यांनी समजूत घातल्यासारखं सांगितलं की वरून दबाव असतो, काटकसर दाखवावीच लागते. मग हसून म्हणाले, "आणि मास्तर, माणसं नसली तरी चालतं हे तुम्हीच तर दाखवून दिलंत."

दिवसाच्या टेबलाचं काय, हे विचारायला मास्तरांची जीभ उचलत नव्हती, तरी त्यांनी विचारलं. आता तुम्हाला सोडलं तर ही माणसं कोण सांभाळणार, असं साहेब म्हणाले. शिवाय ते स्वतः पुढच्या महिन्यात बढतीवर जात होते, तेव्हा नव्या साहेबांना विचारलेलं बरं. वर्षभराच्या कष्टाच्या आणि वर्षभराच्या भरवशाच्या तोंडाला अशी पानं पुसली गेली. बाहेर व्हरांड्यात कोणाचा तरी चहाचा कप तसाच भरलेला होता, त्यावर साय धरली होती.

त्या दिवशी मास्तर कोणाला न विचारता ड्युटी सोडून निघाले. नोकरीत हे पहिल्यांदाच. दिवेलागण झाली होती. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, वहिनी डोळ्यांचे थेंब आणायला चौकात गेल्यात, रोज याच वेळी एक चक्कर असते त्यांची. रोज? ते जवळजवळ पळतच चौकात आले.

ती रस्त्याच्या अलीकडे उभी होती, पिशवी काखेला लावून, मान ताठ. समोर गाड्यांची रीघ लागली होती आणि पलीकडे जीपवरचा दिवा लुकलुकत होता. तिने त्या दिव्याकडे पाहून हात वर केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. क्षणभर थांबली. आणि मग डावीकडे न बघता, उजवीकडे न बघता, सरळ रस्त्यात उतरली. एका ट्रकने करकचून ब्रेक लावला, एक स्कूटरवाला शिवी हासडून बाजूने गेला. ती मात्र आपल्या घरच्या अंगणातून चालावं तशी निघाली होती. मास्तर गाड्यांमधून वाट काढत धावले आणि पलीकडच्या कडेला त्यांनी तिचा दंड धरला.

"अगं, अशी काय चालतेस? गाड्या दिसत नाहीत तुला?" त्यांना धाप लागली होती.

तिने आवाज ओळखला आणि हसली. गाड्या कुठल्या दिसायला, म्हणाली, दिवा तेवढा दिसतो आणि आत तुम्ही बसलेले असता. तुम्ही बघताय म्हटल्यावर मला कशाची भीती? रोज हात करते मी. तुम्ही करत नाही, पण ड्युटीवरचा माणूस कसा करणार, हे काय मला कळत नाही? मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिने मास्तरांच्या बाहीवरून हात फिरवला, आणि तोंड जीपकडे वळवलं.

"तुम्ही इथे आहात," ती म्हणाली, "मग तिथे कोण बसलंय?"

पैलवान बसलाय, असं सांगता आलं असतं. आजवर जे इतकं खपलं त्यात हेही खपलं असतं. मास्तरांच्या दुसऱ्या हातात प्रशस्तिपत्राची गुंडाळी होती, घामाने ओली झालेली.

"कोणी नाही," ते म्हणाले. "माझी टोपी आहे."

"आजच?"

"वर्षभर."

रागावली असती, रडली असती, तर मास्तरांना काहीतरी करता आलं असतं. तिने त्यांचा हात झटकला नाही आणि धरलाही नाही. औषधांच्या दुकानाला एक उंच पायरी होती. वर्षभर ती पायरी तिने बेधडक चढली होती. आता ती पायरीपाशी थांबली, एक पाऊल पुढे टाकून तिने आधी दगड चाचपला, मग दुसरा हात हवेत पुढे करून भिंत शोधली, आणि मास्तर अगदी शेजारी उभे असूनही तिने भिंतीचाच आधार घेतला.