ओमानच्या वाळूत चिमूटभर धान

सांगते, पण एक अट आहे. हसायचं तर मोठ्यानं हसा. तोंडावर पदर धरून हसणाऱ्यांनी मला आधीच फार छळलंय.

लोकांच्या हातून काय काय होतं? चहात साखरेऐवजी मीठ पडतं. कोणी भलत्याच लग्नात जेवून येतं. माझ्या हातून एका परक्या देशाच्या इतिहासात धान पडलं. हो हो, धान! आरमोरीचा तांदूळ, सालासकट!

मुळात सगळं प्रज्ञापासून सुरू झालं. प्रज्ञा, संगीता आणि मी आरमोरीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे प्रज्ञा ब्रह्मपुरीच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागली. संगीता लग्न होऊन ऊर्जानगरच्या क्वार्टरात गेली, नवरा वीज केंद्रात. मी राहिले आरमोरीतच. शाळेत मराठी शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात धान वाळवते.

नागपूरच्या एका परिषदेत प्रज्ञाला एक जर्मन बाई भेटल्या, मार्थाबाई. ओमानच्या किनाऱ्यावर त्या एक जुनं बंदर खोदत होत्या. त्या बंदराचा भारताशी व्यापार चालायचा, म्हणून त्यांना संशोधनात भारतातलं एक माणूस जोडीला हवं होतं. त्या प्रज्ञाला म्हणाल्या, एक हंगाम या, हातानं काम करा, काम पटलं तर घेते.

प्रज्ञा म्हणजे तिच्या घरातली पहिली प्राध्यापक. ही संधी तिच्यासाठी काय होती ते आम्हाला ठाऊक होतं. स्वखर्चानं येणारी हौशी माणसंही चालतात असं कळलं, आणि आम्ही दोघींनी ठरवलं की हिला एकटीला कशी पाठवायची? मदतीला जाऊ. मदत हं! शब्द लक्षात ठेवा.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली. आत हळद लावलेलं धान.

"हे कायले, आई?"

"तू तिथी भुई खोदाले चालली ना? मंग पहिले तिले चिमूटभर धान दे. आपल्या घरी विहीर असो का धानाची बांदी असो, भुईले न इचारता कोनं कुदळ नाई मारली."

"अवो, तिथी त्याहीनं आधीच खोदून ठेवलं हाय."

"तं मंग माफी माग आन दे."

शाळेत मी पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते, आणि घरी पुरचुंडी मुकाट्यानं पर्समध्ये ठेवते. असंच आहे आपलं.

प्रज्ञाला मात्र पत्ता लागू दिला नाही. तिचं घर बौद्ध. असल्या रीती तिच्या आजोबांनीच उंबऱ्याबाहेर काढलेल्या. तिनं मला नागपूरच्या विमानतळावरच झापलं असतं. पुढे मस्कतच्या विमानतळावर बियाणं आणलंय का असं मला कोणी तोंडानं विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची मला सवय नाही.

जागा म्हणजे काय सांगू! आपल्याकडे मान वर केली की झाड, तिथे मान वर केली की नुसतं ऊन. पलीकडे समुद्र, अलीकडे वाळू, वाळूत चौकोनी चर आणि चरांत रंगीत टोप्या घालून उकिडवी बसलेली शिकलीसवरलेली माणसं.

पहिल्याच सकाळी मार्थाबाईंनी दम भरला. चरात स्वतःची वस्तू पडता कामा नये. केसाची पिन नाही, बिस्किटाचा तुकडा नाही. प्रज्ञानं आम्हाला बाजूला घेऊन ते मराठीत पुन्हा सांगितलं.

"पाहा व, हातापाया पडते. माही इज्जत तुमच्या हातात हाय."

"काऊन घाबरून राह्यली? आमी काय लहान लेकरं हाओत?" हे कोण म्हणालं असेल? मीच!

आणि त्याच दिवशी, सगळे सावलीत चहा प्यायला गेले तेव्हा, मी मागे राहिले. आमच्या चराच्या कोपऱ्यात एका फुटक्या रांजणाचं बूड अर्धं वर आलेलं होतं. मला वाटलं, रांजण म्हणजे घरातली जागा, इथे दिलेलं भुईला पोचेल. पुरचुंडी सोडली, चिमूटभर धान घेतलं, रांजणाच्या बुडाखाली अंगठ्यानं दाबलं, वर वाळू सारली. "माफ कर माय," म्हटलं आणि चहाला गेले. मनात म्हटलं, कोणाचं काय बिघडतंय? पाखरं खातील.

पण वाळवंटात पाखरं कुठली!

दोन-तीन दिवस मजेत गेले. मग एका दुपारी मार्थाबाईंनी स्वतः तो रांजण उचलायला घेतला. मी शेजारच्या चरात ब्रशनं एक दगड पुसत होते. दगड फार महत्त्वाचा होता असं नाही, मला तेवढंच जमत होतं.

एकदम मार्थाबाईंचा हात वर झाला, "थांबा!" कामगारांच्या थाप्या जागच्या जागी राहिल्या. आणि मार्थाबाई गुडघ्यांवर बसून हळूच म्हणाल्या, "राइस."

माझा ब्रश हातातून पडला.

मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, ताजे दाणे आहेत, ओळखतील. पण प्रज्ञा कापऱ्या आवाजात संगीताला समजावत होती, "इथी पानीच नाई ना व. कोरड्या वाळूत दाना हजार वर्सं जसाचा तसा राहू शकते! आन तो बी रांजनाच्या खाली, बंद जागेत!"

मग मार्थाबाईंना दाण्यांवर पिवळी छटा दिसली. भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि ओरडल्याच की हो! तांदूळ आणि हळद! भारतातून आलेले दोन्ही जिन्नस एकाच रांजणाखाली! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, कारण वेगळं.

काम बंद झालं. रांजणाभोवती दोरी बांधली, वर तंबू ठोकला. फोटो निघायला लागले. आणि मग मार्थाबाईंना आठवलं की आपल्याकडे धानाच्या मुलखातलं माणूस आहे.

"सुनंदा! कम हिअर!"

मी गेले. फाशीला जाताना माणूस एवढं हळू चालत नसेल. छोट्या चिमट्यात त्यांनी एक दाणा माझ्यासमोर धरला. मी पाहिलं, आणि त्या दाण्यानं माझ्याकडे पाहिलं. आमच्या तळ्याखालच्या बांदीतला! बारीक, टोकाला जरा वाकडा. मी स्वतः कापलेला, स्वतः वाळवलेला.

"हा भारतातला आहे का?" मार्थाबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"येस." खोटं कुठे बोलले?

"तुमच्या भागात असा पिकतो?"

"येस."

"तुम्हाला खात्री आहे?"

"हंड्रेड परसेंट," मी म्हटलं. खरं सांगते, आयुष्यात कुठल्याच गोष्टीची एवढी खात्री मला नव्हती.

पुढचं वाक्य जिभेवर होतं. 'बाई, हा मीच ठेवला.' तेवढ्यात मार्थाबाईंनी प्रज्ञाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, यावर आपण दोघी मिळून लिहू. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता. जिभेवरचं वाक्य मी गिळून टाकलं.

बघा आता माझी गत. बोलले तर प्रज्ञाचं काम गेलं, कारण घाण करणारी मैत्रीण तिनंच आणली होती. नाही बोलले तर माझ्या घरचं धान हजार वर्षं जुनं म्हणून तिच्या नावावर छापून येणार. कधीतरी कोणीतरी ते तपासणार, आणि जगात सगळीकडे प्रज्ञा खोटी ठरणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ते हेच.

त्यात संगीता! तिनं तोवर ऊर्जानगरला व्हिडिओ कॉल लावला होता. "अवो आइकलं काय? आपल्या इकडला धान या लोकाईनं हजार वर्सापयले खाल्ला! फोटो पाठवू काय?"

"नको व!" मी ओरडले.

"काऊन?"

"नेट महाग हाय इथी."

"फुकटचं वायफाय हाय व."

संध्याकाळच्या जेवणाला भात होता. मी तो पानात घेतलाच नाही. प्रज्ञा माझ्यासमोर बसली होती, तीही गप्प होती. मला वाटलं, आनंदानं गप्प आहे. तेवढ्यात मार्थाबाईंनी जाहीर केलं की उद्या सकाळी राजधानीतून सरकारी अधिकारी येणार आहेत. अधिकारी दाणेच बघायला येणार, दुसरं काय?

ती रात्र कशी गेली ते विचारूच नका. पहाटे एकदाचं ठरवलं, बोलायचं. सगळ्यांसमोर, अधिकाऱ्यासमोर, मोठ्यानं. दोष सगळा माझ्या अंगावर घ्यायचा, प्रज्ञावर शिंतोडाही येऊ द्यायचा नाही. मी भाषण पाठ केलं. इंग्रजीत! मनातून थोडा अभिमानही वाटत होता. आपण काही साध्या नाही, मैत्रिणीसाठी बलिदान देतोय, असं.

अधिकारी आले. पांढरा शुभ्र लांब झगा, डोक्याला नक्षीची पगडी, चेहरा एकदम कडक. सगळे तंबूत जमले. मार्थाबाई काहीतरी बोलायला उठल्या आणि मी त्यांच्याही आधी उठले.

"सर! मॅडम! द राइस इज माय राइस!"

अधिकाऱ्याचा चहाचा कप ओठांशीच थांबला.

मी सुटलेच. सासूबाई, भुई, पुरचुंडी, हळद, विमान, पर्स, सगळं सांगितलं. प्रज्ञाला यातलं काही माहीत नव्हतं, ती निर्दोष आहे, शिक्षा करायची तर मला करा. शेवटी हात जोडले, आणि रडले. रडणं भाषणात नव्हतं, ते आपोआप आलं.

मी प्रज्ञाकडे पाहिलं. तिनं कपाळावर हात मारला.

"अवो बाई, मी सांगतलं ना त्याईले कालच!"

"काय?"

"तुहा अंगठा पिवळा होता पहिल्या दिवशी. दाने पाह्यले तवा मी आनंदानं नाचली, मंग सांजच्याले हळदीचा इचार केला तं डोक्यात उजेड पडला. जेवाच्या आधीच मार्थाबाईले सांगून देल्लं, त्याहीनं बाकीच्याईले."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तू सोता सांगशीन म्हनून वाट पाहून राह्यली होती. पन अशी? साहेबासमोर?"

"पन साहेब तं दान्यासाठीच..."

"साहेब दरवर्षी येते. चहा पेते आन जाते."

म्हणजे बघा. तंबूत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या त्या अधिकाऱ्याला. आणि विमानातून न सांगता बियाणं आणलं हे मी त्यालाच, हात जोडून, सविस्तर ऐकवलं होतं!

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. तुरुंगात वरणभात मिळतो का, हाही विचार येऊन गेला. मग त्यानं शांतपणे हात पुढे केला. उरलेली पुरचुंडी मी त्याच्या तळहातावर ठेवली. ती त्यानं खिशात घातली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा." कडक चेहऱ्यानंच म्हणाला. चेष्टा होती की काय, मला आजही कळलेलं नाही.

सुटले असं वाटलं. पण मार्थाबाई उभ्याच होत्या.

"किती दाणे ठेवले होते?"

"चिमूटभर."

"म्हणजे किती?"

आता चिमूट कोणी मोजतं का हो? आपल्याकडे मीठ चिमूटभर, हळद चिमूटभर, देवालाही चिमूटभर. मी दोन बोटं जुळवून दाखवली. मार्थाबाईंनी डोळे मिटले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एक दाणा जरी मागे राहिला तरी पुढे कोणीतरी पुन्हा फसणार. आणि किती होते तेच माहीत नाही, तर सगळे सापडले हे ओळखायचं कसं?

ओळखता येत नाही. म्हणून त्या चरातली सगळी वाळू, उपसून टाकलेला ढीगसुद्धा, पुन्हा बारीक चाळणीतून काढायची. ते काम कोणाला मिळालं? बरोबर! बाकीचे रोज नवं काहीतरी शोधायचे. कोणाला मणी मिळाला, कोणाला नाणं. संगीतालासुद्धा, जिला थापी धरता येत नव्हती तिला, एक बांगडीचा तुकडा मिळाला. मी समुद्र ओलांडून, रजा काढून, भर उन्हात माझ्याच घरचं धान वेचत बसले होते.

तिसऱ्या दिवशी प्रज्ञा येऊन चाळणीचं दुसरं टोक धरून बसली. मी म्हटलं, "माह्यामुळं तुहं काम गेलं ना व?"

"नाई गेलं. घेतलं तिनं मले. म्हने, स्वतःच्या हातानं स्वतःचा शोध खोडनारं मानूस रोज भेटत नाई."

मी चाळणी टाकून तिला मिठी मारली. धूळ दोघींच्या नाकात गेली. खरंच सांगते, इतका आनंद मला माझ्या नोकरीच्या वेळीही झाला नव्हता.

"म्हंजे माह्यामुळंच भेटलं तुले काम!" मी म्हटलं.

"गप चाळ," प्रज्ञा म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात ती तिकडे एकटीच गेली. आम्हाला कोणी बोलावलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. एक दिवस तिचा फोन आला. म्हणाली, इथे आता नवी पद्धत पडली आहे. चरात उतरण्याआधी प्रत्येकानं खिसे उलटे करून झटकायचे, पर्स बाहेर ठेवायची, दोन्ही अंगठे दाखवायचे. जर्मन असो, इंग्रज असो, नाहीतर तिथले कामगार असोत. मुकादम रोज सकाळी चराच्या तोंडाशी उभा राहून एकच शब्द ओरडतो आणि सगळे खिसे झटकतात.

"कोनता शब्द व?"

"आरमोरी!"