बांधाआडचं गाव आणि मार्थाचा भाऊ

"माझ्याबरोबर बेल्जियमला येशील?" मार्थाने विचारलं तेव्हा मी मेलबर्नमधल्या तिच्या क्लेटनच्या किचनमध्ये भांडी पुसत होते. युनिव्हर्सिटीत असताना मी तिच्याकडे भाड्याने राहायचे. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाला तरी जाणं-येणं सुटलं नाही. ती एक्याऐंशीची, एकटीने प्रवास झेपणार नव्हता. मी शिफ्ट बदलून घेतल्या आणि आम्ही निघालो.

ब्रसेल्सला गाडी भाड्याने घ्याच, या भागात बस क्वचित येते. तासाभराचा सपाट रस्ता, मग मातीचा लांबलचक बांध. त्याच्या आड, नदीच्या पाण्याहून खाली, मार्थाचं जन्मगाव. नाव मुद्दाम देत नाही. पूर्वजांनी ही जमीन चिखलातून काढली. एकदा बांध फुटून गाव बुडालं, ते त्यांनी पुन्हा वसवलं. पुढे शेजारच्या बंदराला नवी गोदी हवी झाली. एकेक घर विकत घेऊन पाडलं. गोदी अजून झालेली नाही.

वडिलांचं घर मार्था आणि धाकटा भाऊ योस, दोघांच्या नावावर होतं. घर विकायचं नाही म्हणून योस अडून बसला होता. मार्थाने मेलबर्नहून विक्रीच्या कागदांवर सही केली आणि त्याला एकट्याने घर राखता आलं नाही. तेव्हापासून बोलणं बंद. तो आता चर्चमागच्या दोन खोल्यांत राहतो.

योसने दार उघडलं, आम्हाला आत न घेता कोट चढवला आणि बांधावर नेलं. वारा बोचरा होता, जाड जॅकेट न्या. खाली गवत आणि पलीकडे क्रेन. तो बोट दाखवत बोलत होता, मार्था मला इंग्रजीत सांगत होती: इथे बेकरी, इथे शाळा, इथे लोहार.

"आणि आपलं?" तिने विचारलं.

त्याने गवताकडे बोट केलं. "सही करताना पत्ता वाचला असशील ना."

"चुकलं माझं, योस."

"हो," तो म्हणाला आणि उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने दार उघडलं नाही. पडदा हललेला आम्ही दोघींनी पाहिला. शेजारच्या गावातल्या खानावळीत सूप आणि ब्रेड छान मिळतो. मार्थाचं सूप गार झालं.

जाण्यासारखं आहे का, असं मैत्रिणी विचारतात. आहे, पण लवकर जा. आता सात-आठच घरं उरलीत.

मागच्या रविवारी संध्याकाळी मार्थाकडे गेले, तर ती फोन लावत होती. तिकडे सकाळ होती. रिंग आपोआप बंद होईपर्यंत तिने फोन कानाला धरून ठेवला.

"घरीच असतो तो या वेळी," ती म्हणाली आणि पुन्हा नंबर फिरवला.