पुढची सीट

आमदार झाले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि अविवाहित होते. लोकांच्या लेखी दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी होती. त्यामुळे दौऱ्यावर माझे वडील, अण्णा, सोबत असायचेच. पोलिस ॲक्शनच्या आधी निजामी शाळेत उर्दूतून गणित शिकवलेला हा माणूस आता निवृत्त होऊन माझी राखण करत होता. जीप भाड्याची, ड्रायव्हर छावणीतले एक वयस्कर चाचा. परपुरुषाशेजारी तरुण मुलगी कशी बसणार? म्हणून अण्णा पुढे आणि मी मागे, अर्जांच्या पिशवीला टेकून.

लोकांना तर एवढंच ठाऊक, की साहेब पुढच्या सीटवर असतो. जीप थांबली की हार अण्णांच्या गळ्यात! ते बिचारे घाईघाईनं काढून माझ्याकडे द्यायचे, "अहो, ही, ही आमदार!" मला हसू यायचं, पण ते टिकायचं नाही. कारण हारापाठोपाठ गाऱ्हाणीही त्यांनाच सांगितली जायची आणि माझ्याआधी उत्तरही तेच द्यायचे. मास्तरकीची खोड. समोरचा गप्प बसलेला त्यांना बघवत नसे.

देवगाव रंगारीच्या पुढच्या एका खेड्यात बायका चावडीबाहेर घोळक्यानं उभ्या होत्या. काय पाहिजे विचारलं, तर "रस्ता करा" म्हणाल्या. पुरुषही तेच म्हणाले होते. निघताना एका म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"ताई, एकडाव मास्तरला घरी ठिवून ये. गड्याम्होरं सांगायजोगं नाय."

झालं, माझी झोप उडाली. सभागृहात बोलायला उभी राहायची भीती वाटायचीच, पण अण्णांना घरी बसा म्हणायची कल्पना त्याहून भयंकर होती. आई गेल्यापासून त्यांना दुसरं होतं तरी काय? दौऱ्याच्या आदल्या दिवसापासून धोतराला इस्त्री चालायची. शिवाय लोकांनी मला आमदार म्हणून ओळखायचं तर मीच पुढे बसायला हवं होतं, आणि आमदारीण ड्रायव्हरशेजारी बसून हिंडते, हे कोलीत विरोधकांना आयतंच मिळणार होतं.

शेवटी चहा पिताना एकदाचं बोलले. "अण्णा, उद्या मी एकटी जाते."

"एकटी? आणि पुढं कोण बसणार?"

"मी."

त्यांनी बशीतला चहा संपवला, "बरं" म्हणाले आणि उठून गेले. सकाळी निघताना बाहेरही आले नाहीत.

मी पुढे बसले ती दाराला चिकटून. चाचांनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. वाटेतलं प्रत्येक गाव आलं की खाली वाकून लपावंसं वाटायचं. त्या खेड्यात हारवाल्यानं आधी मागच्या सीटवर साहेबाला शोधलं आणि मग हार माझ्या हातात दिला.

म्हातारीनं मला थेट तिच्या गोठ्यात नेलं. तिथं गुरांशेजारी गोणपाटावर तिची नातसून बसली होती, सतरा-अठरा वर्षांची. पोरगी तीन दिवस अडली होती, बाळ मेलेलंच निघालं आणि तेव्हापासून तिची लघवी थांबत नव्हती. वास येतो म्हणून घरच्यांनी गोठ्यात ठेवलेली. तिनं वर पाहिलंच नाही.

"कुण्या गड्याला सांगू नगं, ताई," म्हातारी म्हणाली. "बोभाटा झाला तर हिचं नांदणं मोडंल."

मी रस्त्याचं उत्तर पाठ करून गेले होते. मला त्या घराचा संताप आला आणि स्वतःची लाजही वाटली. त्याच जीपमधून दोघींना शहरात आणलं. पोरगी थरथरत होती, म्हणून तिला धरून मी मागेच बसले. पुढची सीट रिकामी होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करून पाहू, पण खात्री देत नाही.

संध्याकाळी घरी आले तर अण्णा ओट्यावर वाट पाहत होते. मी मागून उतरताना त्यांनी पाहिलं.

"मागं बसलीस? लोक काही बोलले?"

सगळं जिभेवर आलं होतं. तोवर त्यांच्यापासून मी काही म्हणजे काही लपवलं नव्हतं. "नाही," एवढंच मी म्हणाले.

"मग घाबरलीस होय?"

"हो." भीती खरीच होती, फक्त ती त्या पोरीसाठी होती.

पुढच्या दौऱ्याला अण्णा इस्त्रीचं धोतर नेसून बाहेर आले. आता पुन्हा तेच पुढे बसणार, असं मला वाटलं. त्यांनी उपरण्यानं पुढची सीट पुसली आणि दार उघडून धरलं. "बस. कोण काय बोलतं ते मी बघतो." त्याच सकाळी तिकडे दवाखान्यात त्या पोरीचं ऑपरेशन होतं. मी पुढे बसले, अण्णा मागे.

ती बरी झाली. दोन महिन्यांनी परत नांदायलाही गेली. अण्णा मात्र शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायचे, की आमची आमदार पहिल्यांदा एकटी गेली, तेव्हा घाबरून मागं बसून आली. लोक हसायचे, आणि मीही हसायचे.