सर, वाल झोपलेत

आमच्या घरी जेवायला बसलं की नवऱ्याचा एकच प्रश्न असतो, "आज काय झालं?" तो तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. स्वतः सांगण्यासारखं त्याच्याकडे फारसं नसतं, कारण मशीन रोज तेच करतं. माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. एक किस्सा सांगून पोळी संपेपर्यंत दुसरा आठवतो, आणि तो सांगेपर्यंत आमटी गार होते. "लिहून ठेव," असं तो कधीपासून म्हणतोय. लिहायचं काही झालं नाही. आता तुम्ही सगळ्या बसलाच आहात, तर आठवतील तसे सांगते.

आमची शाळा कुंभवलीच्या बाजूला. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे आंब्याचं झाड. माझ्या वर्गातली अर्धी मुलं आदिवासी पाड्यावरची, अर्धी कंपनीत कामाला आलेल्यांची. कोणी जळगावकडचं, कोणी बीडचं, कोणी थेट उत्तर प्रदेशातलं. मी साताऱ्याकडची. शिक्षकांत इथले म्हणावेत असे एकटे वरठा सर, आमचे मुख्याध्यापक. सुरुवातीला मुलं काय बोलतात ते मला तेच समजावून सांगायचे.

*

एकदा घड्याळ शिकवायचं होतं. आम्ही पुठ्ठ्याचं मोठं घड्याळ केलं, काटे टाचणीने बसवले. मी लहान काटा सातवर नेला आणि विचारलं, "सकाळचे सात वाजले. आता घरात कोण काय करतं?"

अंजली उभी राहिली. "पप्पा झोपतात."

"अगं, सातला उठतात."

"नाय बाई. सातला पप्पांची नाइट सुटते. मग ते येतात, चा पितात आणि झोपतात. आमी बोललो की आई ओरडते."

मी म्हटलं, बरं, मग रात्र कधी होते ते सांग. तिने जरा विचार केला.

"पप्पा जनरल शिफ्टला असले ना बाई, की आमच्याकडे रात्रीच रात्र होते."

त्या दिवशी जेवताना हे नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं होतं हसेल. तो म्हणाला, "बरोबर सांगितलं तिने," आणि पुढचा घास घेतला.

*

वालाचे दाणे रुजवायचा उपक्रम दर वर्षी असतो. प्रत्येकाला एक कागदी कप, त्यात माती, मातीत दोन दाणे. कपावर नाव. सगळे कप खिडकीत ओळीने ठेवायचे आणि रोज सकाळी थोडं पाणी घालायचं.

चारपाच दिवसांत सगळ्यांचे कोंब वर आले. किसनचे येईनात. तो रोज कपाशी उभा राहायचा, चेहरा पाडून जागेवर यायचा. मला वाटलं दाणे किडके असतील, म्हणून गुपचूप दुसरे घातले. तेही येईनात. मग एक दिवस मधल्या सुट्टीत बघितलं, तर हा बोटाने माती उकरून दाणा बाहेर काढतोय, पुसतोय, न्याहाळतोय आणि परत पुरतोय.

"किसन, काय करतोस?"

"बघतो हाय बाई, आला का ते."

मी त्याला जवळ घेऊन समजावलं. म्हटलं, "अरे, त्याला सारखं उठवलंस तर तो वाढेल कसा? तुला कोणी रात्रभर उठवलं तर? झोपू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून वर्गाकडे आले तर आवाज नाही. तीसेक मुलांचा वर्ग आणि आत चिटपाखरू नसल्यासारखं शांत. तेवढ्यात वरठा सरही आले. त्यांनी दारातून आत डोकावलं. सगळी मुलं ओठांवर बोट ठेवून बसलेली, आणि किसन खिडकीपाशी पहाऱ्यावर उभा.

"काय रे, आज काय झालंय?" सरांनी विचारलं.

किसन कुजबुजला, "सर, वाल झोपलेत."

सर पायातल्या चपला हातात घेऊन परत गेले. त्यानंतर चौथ्या दिवशी किसनच्या कपात कोंब दिसला. ती बातमी त्याने अख्ख्या शाळेला ओरडून सांगितली.

*

गुड्डूचं कुटुंब उत्तर प्रदेशातून आलेलं. पहिले काही दिवस तो एक शब्द बोलला नाही. मग पाड्यावरच्या मुलांबरोबर खेळायला लागला आणि दिवाळीपर्यंत मराठी बोलायला लागला. मराठी म्हणजे पाड्यावरची. मी शिकवलेलं त्यात काही नव्हतं.

एक दिवस त्याचे वडील ड्यूटीवर जाता जाता शाळेत आले. "मॅडम, लड़का घर में बोलता है, 'मी नाय जात'. ये मराठी ठीक है ना?"

वरठा सर तिथेच बसले होते. ते म्हणाले, "एकदम ठीक. हमारी है."

पुढे गंमत अशी झाली की गुड्डूची आई त्याला सोडायला यायची ती जाईचना. कडेवर धाकटी पोर घेऊन आंब्याखाली, वर्गाच्या खिडकीबाहेर बसायची. मला वाटलं, पोरगा रडेल म्हणून थांबते. दोनदा सांगितलं, "आप जाइए, वो अच्छा है." ती हसायची, थोडी लांब सरकून बसायची. बाजारात भाजीवालीशी बोलायचं तर ती गुड्डूला पुढे करते, हे मला नंतर कळलं.

एकदा मी वर्गात फुलं घेऊन आले होते. जास्वंद, झेंडू, तगर, सदाफुली. एकेक हातात धरून नाव विचारत होते. शेवटी मोगरा दाखवला. वर्गातलं कोणीच बोलेना. मी म्हटलं, "अरे, एवढं सोपं. काय म्हणतात याला?"

खिडकीबाहेरून हळूच आवाज आला, "मोगरा."

सगळी मुलं मागे वळली. ती पदर तोंडाला लावून उठून निघाली होती. गुड्डू म्हणाला, "बाई, तिला पन शाबास म्हना ना."

मी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गाच्या आत, दाराजवळ बसायला लागली.

*

पंचेंद्रियांचा पाठ होता. डोळ्यांवर रुमाल बांधून वासावरून वस्तू ओळखायची. लिंबू, कोथिंबीर, कापूर सगळ्यांनी ओळखले. मनीषाच्या नाकापुढे मी सुकटीची पुडी धरली. तिची आजी बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते, त्यामुळे हे तिला अगदीच सोपं जाणार होतं.

मनीषाने वास घेतला आणि रुमालाखाली हसली.

"आजी," ती म्हणाली.

मी तिला पूर्ण गुण दिले.

*

आता हा जरा घाबरत सांगते.

लोहचुंबकाचा पाठ होता. मी चारपाच चुंबकं आणली होती. मुलांनी वर्गात जे दिसेल त्याला ती लावून बघितली. बाकाचे खिळे, खिडकीचे गज, डब्यांची झाकणं, वरठा सरांची सायकल. रेखा माझ्याजवळ आली आणि तिने विचारून माझ्या मंगळसूत्राला चुंबक लावलं.

"बाई, नाय चिकटत."

"सोनं चिकटत नाही. लोखंड चिकटतं," मी सांगितलं. पाठाच्या दृष्टीने उत्तम उत्तर. "आता ज्यांच्या हातात चुंबक आहे त्यांनी ते घरी न्या, घरातल्या वस्तूंना लावून बघा आणि उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी रेखाच्या आधी रेखाची आई आली. कामावर जायच्या घाईतली, डबा हातात.

"बाई, तुमी काल काय शिकवलंत?"

मी म्हटलं, "चुंबक. का हो?"

तिने गळ्यातली पोत पुढे केली आणि मुठीतलं चुंबक तिला लावलं. टक् करून चिकटलं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

"लग्नात त्यांनी सांगितलेलं, सोन्याची हाय," ती म्हणाली. "आठ वर्सं मी निजताना काडून उशीखाली ठेवते."

घरात काल काय झालं असेल, याच्या सगळ्या शक्यता माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. मी कसंबसं विचारलं, "मग? ते काय म्हणाले?"

"काय म्हननार? खाली मान घालून बसले. म्हनाले, तवा नव्हती ऐपत आणि तुला नाय म्हनायचं नव्हतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा काही रडका नव्हता. "आता निदान निजताना काडायला नको."

मी चुंबक परत घ्यायला हात पुढे केला. तिने ते डब्याच्या पिशवीत टाकलं.

"आजचा दिवस ऱ्हाऊ दे बाई. सासूबाईंची पन बघायची हाय."

*

केळव्याला सहल नेली होती. समुद्र बघायचा, सुरूच्या झाडांखाली जेवायचं आणि थोडा भूगोलही करायचा असा बेत. ओल्या वाळूत आम्ही आमच्या गावाचा नकाशा केला. पाण्याच्या बाटलीने रेघ ओढून रस्ता, शिंपल्यांची घरं, काड्यांची झाडं, कंपनीची चिमणी म्हणून उभी केलेली एक नारळाची झावळी. मधोमध शाळा, तिच्यावर पानाचा झेंडा. मुंबईहून आलेली माणसं थांबून फोटो काढत होती. मुलांना फार भारी वाटत होतं.

भरतीची वेळ मी बघितली नव्हती. जेवून परत आलो तर पाणी नकाशावर चढलेलं. आधी रस्ता गेला, मग घरं, मग एक लाट आली आणि शाळा सपाट. दोनतीन मुलींना रडू यायला लागलं. एवढी मेहनत केलेली. मी समजूत घालायला तोंड उघडणार, तेवढ्यात किसन आनंदाने ओरडला,

"बाई, शाळा गेली. उद्या सुट्टी!"

रडणाऱ्यांनी डोळे पुसले आणि सगळ्यांनी मिळून राहिलेली चिमणीसुद्धा पाडून टाकली.

*

शेवटचा सांगते आणि उठते.

उंची मोजायचा पाठ मी भिंतीवर घेते. शाळा सुरू झाली की एकेकाने भिंतीला टाचा टेकून उभं राहायचं, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरायची, ती भिंतीला लागेल तिथे खडूने रेघ आणि रेघेपाशी नाव. वर्षाच्या शेवटी परत तेच. मधल्या काळात कोण किती वाढलं ते दिसतं.

पट्टी धरायचं काम रोहितकडे होतं, कारण त्याच्याइतका काटेकोर वर्गात कोणी नव्हता. कोणी टाचा उचलल्या की तो त्याला परत उभं करायचा. कोणी म्हणालं, "थोडी वर धर ना," की भांडायचा. "पट्टी सरळच धरायची. बाईंनी सांगितलंय."

सुनंदा त्याच्या बाकावर बसायची. दिवाळीनंतर तिचे आईवडील वीटभट्टीवर कामाला गेले आणि तिला बरोबर घेऊन गेले. तिने इथेच राहावं म्हणून वरठा सर दोनदा पाड्यावर जाऊन आले. पण घरी तिला सांभाळायला कोणी नव्हतं, आणि भट्टीवर धाकट्या भावाला सांभाळायला तीच होती.

वर्षाच्या शेवटी पुन्हा उंची मोजली. सगळ्यांच्या नव्या रेघा झाल्या. मी खडू ठेवायला लागले तेव्हा रोहित म्हणाला, "बाई, सुनंदाची राहिली."

"ती इथे नाही ना रे."

"नाय म्हनून काय वाढायची थांबली?"

यावर वर्गात चर्चा सुरू झाली. सुनंदा किती वाढली असेल? शेवटी अंजलीने तोडगा काढला. बहुतेक सगळे जण दोन बोटं वाढलेत, म्हणजे तीही दोन बोटं वाढली असणार. सगळ्यांना ते पटलं. रोहितने जुन्या रेघेवर दोन बोटं ठेवली, त्यांच्या वर नवी रेघ ओढली आणि तिचं नाव लिहिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. मुलं आता तिसरीत, तरी वर्ग माझाच आणि खोलीही तीच. दुसऱ्या दिवशी सुनंदा आली. केस उन्हाने तांबूस झालेले, हातांना घट्टे, मागच्या वर्षीचाच गणवेश. तो तिला अजून बरोबर बसत होता.

मुलांनी तिला जागेवर बसूही दिलं नाही. हाताला धरून थेट भिंतीपाशी नेलं. "ही बघ, तुझी पन रेघ हाय. आमी काडली."

ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. मग न सांगता वळली, भिंतीला पाठ लावली, टाचा टेकल्या आणि मान ताठ केली.

रोहितने पट्टी तिच्या डोक्यावर आडवी ठेवली. सगळे पुढे सरकले. पट्टी मुलांनी काढलेल्या रेघेच्या बरीच खाली होती. जुन्या रेघेच्या जेमतेम वर.

सुनंदाला मागचं काही दिसत नव्हतं. "किती आली रे?" तिने विचारलं.

"हलू नको," रोहित म्हणाला.

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग पट्टीचं भिंतीकडचं टोक हळूहळू वर उचललं, ते वरच्या रेघेला टेकेपर्यंत.

"दोन बोटं," तो म्हणाला. "बाई, बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.