गठ्ठे सोडायला लावणारी आत्या

माझ्या आत्याइतकी संशयी बाई सबंध पुणे जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. आमच्या इंदापूर तालुक्यातल्या गावात तिच्यासमोर कुणी नुसतं 'देवाशपथ' म्हटलं, तरी ती पदर खोचून चौकशीला उभी राहते. दूध घालायला गेली की आधी माप उलटं करून दाखवायला लावते. बारामतीच्या डॉक्टरला सुईचं पाकीट तिच्या डोळ्यांदेखत फोडावं लागतं. आणि माझ्या लग्नात तर भटजींनी अंतरपाट धरलेला असताना ही बया खुशाल पलीकडं डोकावून आली आणि भर मांडवात म्हणाली, "तीच हाय रं, ठरवलेली. घाल आता माळ!" बायको त्यावरून अजून मला टोमणे मारते. विधानसभेच्या मतदानाला ती काचेआडची चिठ्ठी खाली पडेपर्यंत यंत्रापुढून हलली नाही. वर केंद्राध्यक्षाला विचारलं, "चिठ्ठी पडलेली बघितली मी. पर ह्या चिठ्ठ्या मोजून बघतं कोण?" तो म्हणाला, "काही केंद्रांच्या मोजतात, आजी." "मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" रांगेतली माणसं हसली. आत्या हसली नाही.

आमच्या दूध संस्थेचा अध्यक्ष पूर्वी सभेत हात वर करून निवडत. वर्षानुवर्षं गावचे जुने पुढारी तात्याच निवडून यायचे, कारण समोर खुर्ची टाकून तेच बसलेले असायचे. एका वार्षिक सभेत आत्या उठली. "हात वर करायला लावता, आन् कुणाचा खाली ऱ्हायला त्ये बघून ठेवता. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुधाची फॅट कमी लागती, आन् भाव पडतो. आमाला चिठ्ठी पायजे. पेटी आधी रिकामी दाखवायची, आन् मोजताना दोन्हीकडच्यांनी बघायचं." घरोघर फिरून, बायकाबायकांना पटवून तिनं ते करूनच घेतलं. आणि पहिल्याच गुप्त मतदानाला तात्यांच्या विरोधात उभा कोण, तर मी! फॅटच्या त्या खेळाला वैतागलेली माणसं उघडपणे माझ्यामागं उभी राहिली होती. मी पडलो असतो तर त्यांचं काही खरं नव्हतं.

मोजणी शाळेच्या खोलीत होती. बाहेर पटांगणात दोन्हीकडची पोरं जमलेली, काहींच्या हातात काठ्या, आणि सगळ्यांना मिळून एकच हवालदार. टेबलाशी माझी प्रतिनिधी म्हणून आत्या, समोर स्वतः तात्या. माझं चिन्ह किटली, त्यांचं छत्री. कारकून चिठ्ठ्या वेगळ्या करून सारख्या आकड्याचे गठ्ठे लावत होता. वीज गेलेली. सगळे घामानं निथळत होते, पण कुणी जागचं उठेना. अचानक वीज आली, डोक्यावरचा पंखा गरकन फिरला आणि वरवरच्या चिठ्ठ्या उडाल्या. कारकुनानं त्या धावतपळत गोळा केल्या, गठ्ठ्यांवर ठेवून रबरं चढवली. निवडणूक घ्यायला आलेल्या साहेबांनी वरची चिठ्ठी बघून दोघांचे गठ्ठे मोजले आणि मी निवडून आल्याचं सांगितलं. फरक अगदी थोडका होता. कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल फासला. बाहेर शिव्या सुरू झाल्या.

"सही करू नका, सायेब," आत्या म्हणाली. "गठ्ठे सोडा."

मी तिचा दंड धरला. "आत्या, अगं आपण जिंकलोय!"

"मग घाबरतूस कशाला? वरची चिठ्ठी किटलीची हाय. खालच्या कुणी बघितल्यात?"

गंमत म्हणजे तात्याच भडकले. त्यांना वाटलं, ही बाई आणखी मतं काढून आपली शोभा करणार. "मला हार मान्य हाय! न्हाय सोडायचं काही!" पण साहेब मुकाट्यानं एकेक रबर काढू लागले. बाहेर कुणीतरी दारावर काठी आपटली. एका गठ्ठ्याची वरची किटली उचलली, आणि खाली छत्री. तिच्या खाली छत्री. पुढं सगळ्या छत्र्याच! पंख्यानं उडालेली ती एक किटली नेमकी तात्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली होती. मी हरलो होतो. आत्याचा असा संताप आला म्हणून सांगू!

ती मात्र उठली आणि दार उघडून पायरीवर उभी राहिली. "माझा भाचा पडला," ती पोरांना म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी मोजलंय. कुणाला शंका आसंल त्यानं आत यावं, टेबलावर सगळं उघडं हाय." कुणीच आत आलं नाही. आमची पोरं खाली माना घालून काठ्या टेकत निघून गेली, आणि तात्यांच्या पोरांना भांडायला कुणी उरलंच नाही.

संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. आत्या शेजारी येऊन टेकली. मी तोंड फिरवलं. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुझं निवडून येनं पक्कं करायला गेले रं मी. उद्या तुला कुणी चोर म्हनू नये म्हनून. मला वाटलं, सोडलं तरी आपलंच निघंल."

आणि ती रडायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच ती न तपासता एक गोष्ट खरी धरून बसली होती, आणि ती गोष्ट म्हणजे मी.