दोन्ही चाव्या

लोक भुताला भितात, मी उभ्या ट्रॅक्टरला भिते. चालत्याला नाही, उभ्याला. हसायचं असेल तर हसा बापा, पण रायपूरच्या एका विमा कचेरीत गाड्यांचे क्लेम तपासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि फायलींमधले फोटो डोळ्यांपुढून हलत नाहीत. बांधावरून उलटलेले ट्रॅक्टर त्यात असतात, नाल्यात पडलेले असतात. मला सगळ्यात भीती वाटते ती घरच्या अंगणातल्या फोटोंची. चावी हरवलेली असते किंवा स्विच बिघडलेला असतो, म्हणून माणूस खालीच, मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभा राहतो आणि सेल्फच्या, म्हणजे स्टार्टरच्या, दोन टोकांना पेचकस (स्क्रूड्रायव्हर) लावून इंजिन सुरू करतो. आमच्याकडे याला डायरेक्ट करणं म्हणतात. गाडी गिअरमध्ये असली तर इंजिन लागल्याबरोबर ती चालू पडते, आणि सीटवर तर कोणीच नसतं. पुढचं मी लिहीत नाही.

असाच एक ट्रॅक्टर आमच्या घरी आहे.

बाबा रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी सिलतऱ्याच्या पलीकडे एका गावात थोडी जमीन घेतली, दोन खोल्या बांधल्या, एक जुना ट्रॅक्टर आणला, ट्रॉली आणली आणि पुढे भाजी न्यायला एक पिकअपही घेतली. आईही तिकडे गेली. मी रायपुरात गुढियारीतल्या आमच्या जुन्या घरातच राहिले, कारण माझी नोकरी इथे. पण तीनही गाड्यांचा विमा माझ्या गळ्यात. दरवर्षी मी नव्या पॉलिसीचे कागद घेऊन गावी जायचे आणि बाबांना खाटेवर बसवून सगळ्या अटी मोठ्याने वाचून दाखवायचे. ट्रॅक्टर फक्त शेतीच्या कामाला. सीट एक, म्हणजे माणूसही एकच. ट्रॉलीत माल न्यायचा, माणसं नाही. चोरी झाली तर कंपनी दोन्ही चाव्या मागते, एक जरी कमी असली तरी शंभर प्रश्न.

बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "झाली का कथा? आता प्रसाद आण."

अटींचं त्यांच्या लेखी एवढंच मोल. ट्रॅक्टरची एक चावी दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि ते अख्ख्या पाऱ्याला, म्हणजे आमच्या वस्तीला, ठाऊक होतं. ज्याला लागेल तो सांगून न्यायचा. दुसरी मी भांडून भांडून आलमारीत ठेवायला लावली होती. हँडब्रेक तर कधीचाच ढिला झालेला. अंगणाला पाण्याच्या टाक्याकडे उतार, म्हणून बाबा ट्रॅक्टर नेहमी गिअरमध्येच उभा करायचे. "गिअरमध्ये हाय तर कुठं पळून जाते?" असं वर मलाच विचारायचे.

भादो, म्हणजे भादवा, लागला होता. त्या रविवारी मी स्कूटीने गावी जात होते, तर समोरून आमचाच ट्रॅक्टर आला. बाबा चालवत होते. शेजारच्या गावात कोणाच्या तरी बाळाची छट्ठी होती, म्हणून ट्रॉलीत पाऱ्यातल्या पंधरा-वीस बाया, मांडीवर लेकरं, आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर कोण? माझी आई. मला पाहून तिने हात हलवला. पंधरा दिवसांपूर्वीच अशा एका ट्रॉलीच्या फाइलवर मी 'नामंजूर' लिहिलं होतं. सीट एक, माणसं अठरा. गेलेल्यांच्या यादीत एक बाई आईच्याच वयाची होती.

संध्याकाळी ती मंडळी सुखरूप परत आली आणि मी बाबांवर तुटून पडले.

"तुमाले कितीदा सांगतलं बाबा, माणसं बसवू नका म्हणून! काई झालं तं कोण भरन? जेलात जान तुम्ही!"

"मंग काय चालत जान त्या बाया, लेकरं घेऊन? पारा हाय आपला."

"पाऱ्याचा विमा नाई काढला मी!"

"तुया विम्याच्या आधी पारा होता, पोरी," बाबा म्हणाले आणि पाय धुवायला उठून गेले.

माझा राग वाईट आहे, हे मीच सांगते. एकदा डोक्यात गेला की उतरत नाही. निघताना खिळ्यावरची चावी मी पर्समध्ये टाकली. मग आत गेले आणि आलमारीतली दुसरीही घेतली. आई चूल सारवत होती, तिला कळलंही नाही.

सोमवारी सकाळी बाबांचा फोन आला. "पोरी, चावी दिसत नाई."

"माह्याजवळ हाय. दोन्ही. ट्रॉलीत माणसं बसवणार नाई असं कबूल करा, येत्या रविवारी आणून देतो."

त्यांनी फोन ठेवला. जिरवली, असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, सोमवार आणि मंगळवार मी फार सुखात होते. गावाची धास्ती मनात न ठेवता जेवले, ऑफिसात गाणं गुणगुणले.

बुधवारी अकराच्या सुमारास पुन्हा बाबांचा फोन.

"चावी घेऊन निघ. आत्ताच्या आत्ता." ते धापा टाकत होते. आमच्या शेजारणीला बांधावर गवत कापताना साप चावला होता. तिचा नवराच आमची पिकअप चालवायचा. तो तिला पिकअपमध्ये घालून निघाला, पण गावाबाहेरच्या नाल्यापाशी गाडी चिखलात बसली. अँब्युलन्सवाले म्हणत होते, पक्क्या सडकेपर्यंत पेशंट आणा. पाऱ्यात दुसरा ट्रॅक्टर नव्हता. पिकअप ओढायला आमचाच पाहिजे होता.

"किती टाइम लागन तुले?"

"एक घंटा, बाबा."

मग ते म्हणाले, "एका घंट्यात मरून जाईन ते. राहू दे. मी डायरेक्ट करतो."

"गिअर पहा!" मी ओरडले. "बाबा, गिअर पहा आधी! बाबा!"

फोन कधीचाच बंद झाला होता. ऑफिसातले सगळे माझ्याकडे पाहत होते.

स्कूटी कशी काढली, कुठल्या चौकातून गेले, काही आठवत नाही. दर दहा मिनिटांनी थांबून फोन लावत होते. घंटी जायची, जायची आणि बंद व्हायची. सिलतऱ्याच्या कारखान्यांजवळ ट्रकांची रांग लागलेली, काळी धूळ तोंडावर येत होती आणि मी त्या ट्रकांच्या मधून घुसत होते. डोक्यात काय चाललं होतं ते सांगायला आजही लाज वाटते. डोक्यात मी फॉर्म भरत होते. मयताचं नाव. मयताचं वय. वाहन कोणाच्या ताब्यात होतं. वाहनाची चावी कोणाजवळ होती. रोज दुसऱ्यांना विचारायचे प्रश्न एकामागून एक येत होते आणि मी रडत रडत उत्तरं देत होते. मायबाई, असं कोणाचं डोकं असतं का वो!

नाल्यापाशी पोचले. पिकअप नव्हती. चिखलात ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांचे खोल ठसे होते आणि ओढून नेल्याच्या खुणा. म्हणजे ट्रॅक्टर सुरू झाला होता. पण तो चालवला कोणी? बाबा पडल्यावर पाऱ्यातला दुसराही कोणी सीटवर चढला असेल. मी स्कूटी तिथेच सोडली आणि चपला हातात घेऊन घराकडे पळत सुटले.

अंगणात पाण्याचं टाकं फुटलेलं होतं. पाणी सगळीकडे पसरलेलं. चाकाचा एक ठसा टाक्यापर्यंत गेला होता आणि त्या ठशाच्या मधोमध बाबांची डाव्या पायाची चप्पल जमिनीत दाबली गेली होती. नुसता पट्टा वर दिसत होता. भोवतालचं पाणी लाल होतं. आमची भाठा जमीन, तिची मातीच लाल. ते लाल मातीचं की आणखी कशाचं, हे मला ठरवता येईना. मी फोन लावला. घंटी घरातूनच ऐकू आली, खिडकीतून.

तिथेच खाली बसले.

मग आई मागच्या दारातून आली. तिचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते. "ट्रॅक्टर घेऊन गेले," ती म्हणाली. "पायातून रक्त जाऊन राहिलं, तरी गेले."

"कोण? बाबा?"

"मंग कोण?"

तिने सांगितलं ते असं. इंजिन लागलं तशी गाडीने उडी घेतली. बाबा मागे सरले, पण डावा पाय चाकाच्या कडेखाली आला. ट्रॅक्टर टाक्यावर जाऊन आदळला आणि बंद पडला, नाहीतर पूर्ण चाक अंगावर गेलं असतं. आईने आणि दोन बायांनी हाताने माती उकरून पाय सोडवला. बाबा उठले, लंगडत वर चढले, गिअर काढला, चाकाला वीट लावली आणि पुन्हा खाली उतरले.

"पुन्हा?"

"पुन्हा तिथंच उभे राह्यले, पेचकस घेऊन. चावी कुठं होती?" आई म्हणाली. "म्या डोळेच मिटून घेतले, बाई."

ती एवढंच बोलली. रागाने नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा शेजारणीला सुई लागली होती आणि डॉक्टर म्हणाले होते की वेळेवर आणलं. तिचा नवरा दाराशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना हात जोडत होता. बाबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, डाव्या पायाला आईचा जुना टॉवेल गुंडाळलेला. चेहरा राखेसारखा झाला होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"चावी आणली का?" त्यांनी विचारलं.

मी पर्समधून दोन्ही चाव्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी एक खिशात टाकली आणि दुसरी माझ्यापुढे धरली.

"हे तुयाजवळ राहू दे," ते म्हणाले. "कंपनीले दोन लागते ना."

तेव्हा मी रडले. चारचौघांत, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, लहान पोट्टीसारखी. ते माझ्या केसांतली काळी धूळ झाडत राहिले.

डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. त्यांचा क्लेम मी केला नाही. फॉर्मवर अपघात कसा झाला ते लिहायला चार रेघांची जागा असते. तो फॉर्म मी दोनदा समोर घेतला आणि दोनदा मिटून ठेवला.

खिळ्यावर चावी आहे. ट्रॉलीत बायाही बसतात. मी आता ओरडत नाही, पण धास्ती गेली आहे असं समजू नका. गावी गेले की चहाच्या आधी ट्रॅक्टरवर चढते आणि गिअरचा दांडा हलवून पाहते, न्यूट्रलला आहे ना, विटा लागल्या आहेत ना. हँडब्रेक नवा बसवून घेतला, तरी पाहते. दिवसा बाबांचा फोन आला की आधी हात पर्समध्ये जातो.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. दिवाळीनंतर शेजारीण आमच्या अंगणात वांगी घेऊन आली. हाताची सूज उतरली होती, बोटांवर काळे डाग तेवढे राहिले होते. बाबा तिथेच खाटेवर बसून पायाला तेल लावत होते. तिने टोपली माझ्या हातात दिली आणि काळजीने तिच्या छत्तीसगढीत विचारलं, "कका बताए रिहिस, ओ दिन चाबी गंवा गे रिहिस. मिल गे का, दीदी?"

म्हणजे बाबांनी पाऱ्यात सांगितलं होतं, चावी हरवली होती म्हणून. सगळ्यांना. तिच्या नवऱ्यालाही. दोन बोटं गेली, पण माझं नाव त्यांनी कोणासमोर काढलं नव्हतं.

मी बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून तेल लावत होते.

"हव," मी म्हणाले. "मिल गे."